वाचक विचारतात: पोरांचा मोबाईल, गावातली नशा आणि सरकारचा हात

मागच्या अंकात पोरांच्या रात्रीच्या जागरणावर दोन ओळी काय छापल्या, पत्रं नि व्हॉट्सअ‍ॅपचा ढीगच लागला. निम्मी मोबाईलवर, निम्मी नशेवर, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य, सरकार काय झोपलंय का. त्यातली पाच घेतलीयत. गांडूळखत आणि सातबाऱ्याचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: दादा, मुलगा नववीत आहे. रात्री एक-दीडपर्यंत रील्स, सकाळी हाका मारून घसा बसतो, फोन काढून घेतला की जेवायचं ताट ढकलून देतो. ऑस्ट्रेलियात सरकारनंच सोळाच्या आतल्या पोरांना बंदी केली म्हणे. आपल्याकडं का करत नाहीत? एकदाची बंदी आली तर माझी रोजची कटकट तरी मिटंल. (एक आई, कराड)

उत्तर: ताई, ऐकलंय ते खरंय. कायदा २०२४ च्या नोव्हेंबरात झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, इन्स्टा, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, एक्स सगळे त्यात आले. पण खरी मेख आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये कुणी सांगत नाही. तिथं पोरगं सापडलं तर पोराला दंड नाही, आईबापाला पण नाही, दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. म्हणजे सरकारनं मानगूट धरली ती दुकानदाराची, गिऱ्हाइकाची नाही. माझं मत विचाराल तर हेच बरोबर आहे, आणि आपल्याकडं बंदी मागणारे नेमके उलटं मागतात, पोरांना पकडा म्हणतात.

आता आपल्याकडं काहीच नाही असं पण नाही. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्यात १८ च्या आतलं ते मूल, त्याची माहिती घ्यायची तर आईबापाची पडताळता येईल अशी परवानगी पाहिजे, पोरांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम निघाले २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि मुख्य कलमांना दिली दीड वर्षाची मुदत, म्हणजे २०२७ चा मे उजाडणार. तोवर तुमचा मुलगा अकरावीच्या अ‍ॅडमिशनला रांगेत उभा असंल.

आणि परवानगीचं म्हणाल तर आपल्या घरातनं काय चित्र असतं, सिम वडिलांच्या नावावर, आधार आजीचं, हँडसेट आईचा आणि ओटीपी वाचून दाखवणारं पोरगंच. आजी चष्मा शोधेपर्यंत ह्यानं टिकमार्क करून टाकलेली असते, म्हातारीला काय माहीत आपण कशाला हो म्हणलो. तेव्हा परवानगीच्या चौकटीवर फार भरवसा ठेवू नका.

नुसत्या बंदीचं पण बघितलंय की आपण. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, ते चीनच्या भांडणात, पोरांच्या काळजीनं नाही, आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टानं भारतात रील्स आणलं. सगळी वरात तिकडं. याउलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाचे ऑनलाईन गेम बंद केले तेव्हा मोठमोठ्या अ‍ॅपनी पैशाचे खेळ पटापट गुंडाळले, कारण त्या कायद्यात बँका आणि पेमेंटवाल्यांनाच असले व्यवहार करायला मनाई आहे. पैसा जिथनं वाहतो तिथं बोट ठेवलं की फरक पडतो. तसंच इथं, एक व्हिडीओ संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो तो बंद करा, रात्री दहानंतर शाळकरी पोराच्या खात्यावर नोटिफिकेशन जाऊ देऊ नका, असं सरकारनं कंपनीला लेखी सांगायला पाहिजे. मुलाला झोप लागत नाही यात त्याचा आळस कमी आणि त्याला जागं ठेवण्यासाठी पगार घेणाऱ्या इंजिनिअरांची हुशारी जास्त आहे.

तोवर घरात काय करायचं तर कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुमच्यापासून काय लांब नाही, जाऊन बघा. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, साडेआठला परत भोंगा. त्याच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा घेतली होती, मग अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, रिटायर झालेले मास्तर घरोघर फिरले. दिल्लीचा कायदा नाही की काही नाही. ते चाललं कारण पोरांच्या फोनबरोबर मोठ्यांची सिरीयल पण बंद झाली, असं मला वाटतं. तुमच्या घरी मुलाचा फोन काढून घेतात तेव्हा त्याच्या वडिलांच्या हातात काय असतं, तेवढं एकदा बघा.

प्रश्न: सर, सोशल मीडियावर सरकारचा कंट्रोल पाहिजे म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. आज रील्स बंद करतील, उद्या कारखान्याच्या चेअरमनविरुद्ध पोस्ट टाकली की मलाच उचलतील. तुमचं काय म्हणणं? (एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, इस्लामपूर)

उत्तर: भावा, तुझी भीती खोटी नाही. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का म्हणून एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीनं नुसतं लाईक केलं, पालघरच्या पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यातनंच प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये आयटी कायद्याचं, असल्या पोस्टवरनं अटक करू देणारं ६६ अ कलम कोर्टानं रद्द केलं. तेव्हा कुणी काय बोलायचं याचा रिमोट सरकारच्या हातात द्या असं मी म्हणणार नाही, सरकार कुठलंही असो.

पण दुसरी बाजू पण आपल्याच भागात घडलीय. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीत पोस्टवरनं दंगल पेटली, एक माणूस जिवानिशी गेला, आणि सातारा जिल्ह्याचं इंटरनेटच बंद केलं. म्हणजे एका पोस्टपायी वाईपासून दहिवडीपर्यंत भाजीवालीचा फोनपे बंद, फॉर्म भरणारी पोरं अडकली, आणि अफवा? ती तर एसटीत बसून पण फिरते. हे सरकारला जमतं कारण सोपं आहे, एक आदेश काढला की झालं. अवघड काय, तर ती पोस्ट दहा मिनिटांत हजार जणांपुढं ढकलली कुणी, हे कंपनीला विचारणं आणि उत्तर येईपर्यंत पाठ न सोडणं. तुझ्या बोलण्यावर कंट्रोल नको, तुझं बोलणं कुणापुढं किती जोरात वाजवायचं हे ठरवणाऱ्या धंद्यावर पाहिजे. चेअरमनवर लिही खुशाल, फक्त पुराव्यानिशी लिही, बदनामीचा कायदा अजून आहे.

प्रश्न: आमचं सांगलीत मेडिकल आहे. नशेच्या गोळ्या-इंजेक्शनं म्हणलं की पहिली धाड आमच्यावर. पोरं ऑनलाईन मागवतात, कुरिअरनं येतं, आणि चोर आम्ही. हा न्याय आहे का? (एक औषध दुकानदार)

उत्तर: अर्धं तुमचं बरोबर, अर्धं नाही, स्पष्ट बोलतो. नायट्राझेपामसारखी झोपेची गोळी शेड्युल एच-वनमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत. त्याचं वेगळं रजिस्टर पाहिजे, डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. किती दुकानांत ते रोज भरलं जातं आणि किती ठिकाणी इन्स्पेक्टर येणार म्हणल्यावर एका बसकणीत एकाच पेनानं भरलं जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. काउंटरला कोपर टेकून "एक पत्ता द्या, बिल नको" म्हणणारं पोरगं कशाला आलंय हे ओळखायला डिग्री लागत नाही.

जिमच्या पोरांचं ते मेफेंटरमाइनचं इंजेक्शन तर ऑपरेशन टेबलावर पेशंटचं बीपी पडलं की भूलतज्ज्ञ वापरतात ते. पोरं ते पंप यावा, जास्त वजन उचलावं म्हणून टोचून घेतात, मग ठोके वाढतात, बीपी चढतं, झोप उडते, डोक्यात संशय शिरतो, आणि सुटत तर नाहीच. ते पण चिठ्ठीशिवाय विकायचं नाही.

आता तुमची अर्धी बाजू. पकडलेल्या प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर असतो. त्या बॅचचा माल कंपनीनं कुठल्या होलसेलरला दिला, त्यानं कुणाच्या बिलावर काढला, ही साखळी कागदावर असतेच, कारण जीएसटी भरायचा असतो. औषध प्रशासनानं मनात आणलं तर उलट्या पावलांनी गोदामापर्यंत जाता येतं. ते न करता गल्लीतल्या दोन दुकानांचे फोटो पेपरात द्यायचे, याला मी कारवाई म्हणत नाही. तुमच्या असोसिएशननं हीच मागणी लेखी लावून धरली तर लोक तुमच्या बाजूनं येतील, दुकानं बंद ठेवून नाही येणार.

प्रश्न: पुतण्या एमडी, म्हणजे ती मेफेड्रोनची नशेची पावडर, घेतो असं कळलंय. वय बावीस. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर पोलिसात कळवतील, केस होईल, करिअर जाईल या भीतीनं भाऊ घरातच कोंडून ठेवतोय. काय करावं? (एक काका, विटा)

उत्तर: काका, आधी ते कोंडणं बंद करा. व्यसन लागलेला माणूस आपणहून उपचाराला आला म्हणून कायदा त्याच्या मागं लागत नाही, उलट आहे. एनडीपीएस हा अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा लई कडक, नुसती नशा करणं पण गुन्हा, पदार्थाप्रमाणं ६ महिने किंवा १ वर्षापर्यंत कैद. पण त्यातच ६४ अ कलम आहे, सेवनाची किंवा थोड्या मालाची केस झालेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले आणि पुरे केले तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. अर्धवट सोडून पळाला तर ही सवलत काढून घेता येते. थोडा माल म्हणजे एमडीचा २ ग्रॅमपर्यंत. ५० ग्रॅमच्या वर गेलं की तो धंदा धरतात आणि किमान १० वर्षं. मित्राची पुडी "जरा ठेव तुझ्याकडं" म्हणून खिशात ठेवण्यात पोरं कशी अडकतात ते यातनं कळंल. केस झालेलीच असली तर मात्र वकील गाठा, मासिकाच्या उत्तरावर राहू नका.

जायचं कुठं, तर मिरजेच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे, पुण्यात अवचट दांपत्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. फोन करायचा तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६, आणि मन फारच सैरभैर असलं तर टेलिमानस १४४१६. हायवेला बोर्ड लावून बसलेल्या कुठल्याही केंद्रात नेऊन टाकू नका, नोंदणीचा कागद मागा, पेशंटला साखळीनं बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंद आहे. आणि विकणारा कोण ते पुतण्याकडनं कळलं तर १९३३ या सरकारी हेल्पलाईनवर सांगा, भांडायला स्वतः जाऊ नका.

आता तुम्ही विट्याचे, म्हणून जास्त बोलतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याचे पोलीस येऊन कुपवाडमधनं एमडी उचलतात, मार्चमध्ये मुंबईचे पोलीस कवठेमहांकाळच्या इरळीत कारखाना पकडतात, २०२५ च्या जानेवारीत तुमच्या शेजारी कार्वेच्या एमआयडीसीत. द्राक्षाच्या आणि हळदीच्या जिल्ह्यात हे आलं कसं? रिकामं शेड, भाडं आगाऊ, केमिकल येतंय जातंय, दार दिवसभर बंद, आणि शेजारी म्हणतो आपल्याला काय करायचंय. शेडचा भाडेकरार कुणाच्या नावावर, वीज किती जळते, प्रदूषण मंडळाची संमती आहे का, हे सगळं सरकारच्याच तीन खात्यांत पडलेलं असतं, फक्त एका टेबलावर कुणी आणत नाही. सरकारचा रोल तिथं आहे. बावीस वर्षांच्या पुतण्याला जेलात टाकून एकही शेड बंद होत नाही. पोर्तुगालनं २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ सापडला तर जेल नाही असं केलं, त्या माणसाला डॉक्टर आणि समाजसेवकांच्या समितीपुढं उभं करतात. विकणाऱ्याला तिथं पण सुट्टी नाही. आपल्याकडं लगेच तसं व्हावं असं मी म्हणत नाही, आधी ६४ अ आहे एवढं तरी ठाण्यातल्या बोर्डावर लिहा की.

प्रश्न: नशामुक्ती म्हणून शाळेत शपथ घेतात आणि शाळेच्या रस्त्यालाच देशीचं दुकान सरकारच्या लायसननं चालतं. महसूल सरकारलाच पाहिजे, मग आम्ही बायकांनी कुणाकडं जायचं? (बचत गटाच्या एक ताई, जत तालुका)

उत्तर: ताई, टोमणा रास्त आहे. पण गावातलं दुकान बंद करायचा रस्ता २००८ पासून कायद्यात आहे, आडवी बाटली म्हणतात तो. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क खात्याकडं द्या, सह्या तपासतात, मग गुप्त मतदान लागतं, उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी (दुकान बंद). गोम इथं आहे की निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत ती आलेल्या बायकांची नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांची. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या पारड्यात गेली असं समजा. तुमच्याकडं ऊसतोडीला निम्मं गाव बाहेर असतं, तेव्हा सह्या अशा बेतानं गोळा करा की मतदान टोळ्या परत आल्यावर लागंल, आणि यादीतली लग्न होऊन गेलेल्या लेकींची नि वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं तहसीलला अर्ज देऊन आधी कमी करून घ्या.