आर्वीहून कुत्रा विमानाने दिल्लीला नेता येईल का?
आपला 18 किलोचा गावठी कुत्रा नागपूरहून विमानाने नेता येईल. मात्र इंडिगो मदतनीस श्वान वगळता पाळीव प्राणी स्वीकारत नाही, आणि एअर इंडिया एवढ्या वजनाचा कुत्रा प्रवाशांसोबत न बसवता सामानकक्षात नेते, म्हणून तिकीट काढतानाच परवानगी घ्यावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून प्रवासयोग्यतेचा दाखला आणि रेबीज लसीची नोंद असलेले कार्ड घ्यावे. पिंजऱ्यात कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. हा पिंजरा आठवडाभर आधीच अंगणात उघडा ठेवून जेवणही त्यातच द्यावे, म्हणजे मुके जनावर बिचकणार नाही. झोपेचे औषध मुळीच देऊ नये, कारण त्याने श्वास व रक्तदाब बिघडू शकतो. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन पाहता पहाटेचे किंवा रात्रीचेच विमान निवडावे.