कूलोमच्या नियमाच्या प्रयोगात घातांक 2 ऐवजी 1.7 का येतो?

कूलोमचा नियम सांगतो की दोन चार्जमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हाच तो घातांक 2. तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: टॉर्शन बॅलन्स (तारेच्या पिळावरून बल मोजणारं उपकरण), 3.8 सेंमी व्यासाचे दोन गोळे, 6 किलोव्होल्टचा सप्लाय. जुलै महिन्यात अंतर 20 वरून 5 सेंमीपर्यंत कमी करत रीडिंग घेतली, बल आणि अंतर यांच्या लॉग-लॉग आलेखाचा उतार, म्हणजेच घातांक, 1.7 आला आणि सर म्हणाले, रीडिंग चुकली. मी बी.एस्सी.च्या मुलांकडून हा प्रयोग करून घेतो. माझ्या मते रीडिंग चुकलेली नाहीत. अपेक्षा चुकली आहे.

आधी बल किती आहे ते बघा. 6 किलोव्होल्टला अशा गोळ्यावर जेमतेम 13 नॅनोकूलोम चार्ज बसतो. केंद्रांमधलं अंतर 10 सेंमी असताना बल साधारण 0.15 मिलिन्यूटन, म्हणजे 15 मिलिग्रॅमच्या वजनाइतकं. शेजारी कोणी नायलॉनचा शर्ट घालून उभं राहिलं तरी काटा हलतो.

आता उताराकडे. नियम बिंदुप्रभारांचा, म्हणजे एकाच बिंदूवर असलेल्या चार्जचा आहे, तुमचे गोळे मात्र धातूचा लेप दिलेले. जवळ आणले की त्यांच्यावरचे सजातीय चार्ज एकमेकांना पलीकडच्या बाजूला ढकलतात आणि बल सूत्रापेक्षा कमी भरतं. ही घट अंदाजे 1 − 4a³/r³ या गुणकाने मिळते. यात a ही गोळ्याची त्रिज्या, r केंद्रांमधलं अंतर. 10 सेंमीला घट 3 टक्केही नाही, 5 सेंमीला 22 टक्के! एवढ्यानेच उतार 1.85 च्या आसपास येतो.

उरलेली तूट बहुधा चार्ज गळाल्यामुळे. पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिकच्या दांड्यांवर ओलसर थर बसतो आणि चार्ज त्यावरून निसटतो. तुम्ही लांबून जवळ आलात, त्यामुळे जवळची रीडिंग शेवटी, कमी चार्जवर घेतली गेली. खात्री करायची तर उलट क्रमाने रीडिंग घ्या. गळती असेल तर आता लांबची रीडिंग कमी येतील आणि उतार वाढेल. पहिलं कारण मात्र क्रम बदलून जात नाही. दोन्ही वेगळी ओळखायला यापेक्षा सोपी युक्ती मला माहीत नाही.

दांड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रत्येक रीडिंगआधी दोन्ही गोळे अर्थ करून (जमिनीला जोडून) नव्याने चार्ज करा, आणि चार्ज केल्यावर लगेच सप्लाय बंद करा. जमलं तर प्रयोग दिवाळीनंतर ठेवा.

खुद्द कूलोमचे 1785 चे आकडे बघा. गोळ्यांमधलं अंतर (कोनात मोजलेलं) 36°, 18° आणि 8.5° असताना तारेचा एकूण पीळ 36°, 144° आणि 575.5°. अंतर निम्मं, बल चौपट: दुसरा आकडा चोख. तिसरा मात्र नियमाप्रमाणे 646° च्या आसपास हवा होता, म्हणजे जवळच्या रीडिंगमध्ये 11 टक्के तूट. तोही लांबून जवळच आला होता. (कॅव्हेंडिशने त्याच्या आधीच, 1773 च्या सुमारास, बल मोजायची भानगडच टाळली. पोकळ गोलाच्या आतल्या गोलावर चार्ज उरत नाही एवढं दाखवून त्याने घातांक 2 पासून 1/50 पेक्षा जास्त ढळत नाही असं काढलं. पण ते त्याने छापलं नाही. 1879 मध्ये मॅक्सवेलने छापलं.)

जर्नलमध्ये 5 आणि 6 सेंमीची रीडिंग खोडू नका. एकाच आलेखावर मूळ बिंदू आणि गुणकाने भागून सुधारलेले बिंदू वेगळ्या रंगांत काढा, दोन्हींचे उतार लिहा आणि त्या दिवशीची आर्द्रताही नोंदवा.