बॉक्स बदलला, रेकॉर्डिंग अडकलं : लॉक तोडलं तर गुन्हा होतो का?

प्रश्न : माझी मुलगी एका वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत होती. तिचे सगळे भाग मी डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सला हार्ड डिस्क लावून रेकॉर्ड केले. बॉक्स बंद पडला आणि कंपनीनं नवा दिला. त्याला तीच डिस्क लावली, तर तो फॉरमॅट करायला सांगतो. एक दुरुस्तीवाला म्हणतो, ‘लॉक काढून देतो.’ हे कायद्यात बसतं का? हे भाग यूट्यूबवर टाकता येतील का? कंपनीवर दावा लावता येईल का?

उत्तर : आधी डिस्क काढून बाजूला ठेवा. नवा बॉक्स कितीही वेळा विचारो, ‘हो’ दाबू नका; फॉरमॅट केलं की डिस्कवरचं रेकॉर्डिंग पुसलं जातं. ती सहज म्हणून संगणकालाही जोडू नका. अशा डिस्कची मांडणी विंडोजला बहुतेक वेळा वाचता येत नाही, त्यामुळे तोही ‘फॉरमॅट करायचं का?’ असंच विचारतो आणि घाईत एंटर दाबलं जातं.

आता अडलंय कुठे ते पाहू. वाहिनीचा सिग्नल तुमच्या घरी येतो तोच कुलूपबंद. बॉक्स तो उघडून पडद्यावर दाखवतो, पण डिस्कवर लिहिताना स्वतःच्या किल्लीनं पुन्हा बंद करतो. ही किल्ली त्या एका बॉक्सच्या चिपमध्ये असते, काही ठिकाणी व्ह्यूइंग कार्डाशीही (बॉक्समध्ये घालायच्या वर्गणीच्या कार्डाशी) बांधलेली. म्हणून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्सही ती फाइल उघडू शकत नाही. जुना बॉक्स अजून तुमच्याकडे असेल तर परत देऊ नका. बदली नको, दुरुस्ती हवी असं कंपनीला लेखी कळवा. बिघाड ॲडॉप्टरचा किंवा वीजपुरवठ्याच्या भागाचा असेल तर चिप शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे.

कायद्याचं म्हणाल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ नं प्रसारण संस्थेला तिच्या प्रसारणावर २५ वर्षं हक्क दिला आहे आणि परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करणं हा त्या हक्काचा भंग आहे. पण कलम ३९ चा पहिलाच खंड सांगतो की रेकॉर्डिंग करणाऱ्यानं ते स्वतःच्या खासगी वापरासाठी केलं असेल तर भंग होत नाही. कार्यक्रमातली गाणी आणि चित्रण यांवर वेगळा कॉपीराइट असतो. त्यासाठी कलम ५२ मधली खासगी वापरापुरत्या उचित वापराची सूट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती चित्रपट (कायद्याच्या भाषेत यात असं चित्रणही येतं) आणि ध्वनिमुद्रणालाही लागू झाली. थोडक्यात, तुम्ही घरी रेकॉर्ड केलंत यात गैर काही नाही.

मात्र ही सूट म्हणजे बचाव आहे. तिच्या जोरावर ‘माझं रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर चालवून द्या’ असा आग्रह कंपनीकडे धरता येत नाही. लोकांची गफलत नेमकी इथेच होते.

लॉक तोडण्याबद्दल २०१२ च्याच दुरुस्तीनं कलम ६५ए आणलं. हक्कांचं रक्षण करणारा तांत्रिक अडसर, हक्कभंग करण्याच्या हेतूनं ओलांडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतूनं’ हा शब्द तुमच्या कामाचा आहे. शिवाय कायद्यानं स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी अडसर ओलांडला तर हे कलम लागत नाही, असं पोटकलम २ मध्ये म्हटलं आहे. घरात पाहण्यासाठी लॉक काढलं तर गुन्हा सिद्ध होणं अवघड. पण दुसऱ्याला असं काम करून देणाऱ्यानं त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी तिथेच अट आहे. दुरुस्तीवाला नोंद ठेवायला तयार नसेल तर त्याच्या हाती डिस्क देऊ नका. वर्गणीच्या करारात बॉक्सशी छेडछाड करायला बंदी असतेच आणि बॉक्स भाड्याचा असेल तर तो कंपनीच्या मालकीचा. तो उघडणं हा वेगळा वाद होईल.

तसंही ‘लॉक काढतो’ म्हणणाऱ्यांकडे बहुधा एचडीएमआयवरचं (बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या केबलवरचं) एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं लॉक, काढणारा स्प्लिटर नावाचा डबा असतो. तो चालत्या बॉक्समधून बाहेर येणाऱ्या चित्रावरचं संरक्षण काढतो. डिस्कवरच्या बंद फाइलला तो काही करू शकत नाही. म्हणजे आधी जुना बॉक्स चालू व्हायलाच हवा. तो चालू झाला, तरी एचडीएमआयला कॅप्चर कार्ड (येणारं चित्र संगणकावर रेकॉर्ड करणारं उपकरण) लावल्यावर एचडीसीपीमुळे काळा पडदा दिसेल. पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही पिनांचं आउटपुट असेल तर त्यातून घेऊन पाहा. चित्र साध्या दर्जाचं मिळेल, आणि तिथेही कॉपी रोखणारा संकेत असला तर ते कधी उजळेल, कधी काळवंडेल. नाहीच जमलं तर खोलीत अंधार करा, मोबाइल स्टँडवर ठेवा आणि टीव्हीचं चित्रण करा. दिसायला ओबडधोबड, पण कुठलंही लॉक न तोडता घरापुरती आठवण राहते.

यूट्यूबवर मात्र टाकू नका. तिथे खासगी वापर संपतो. ‘गाणारी माझीच मुलगी आहे’ हे उत्तर पुरत नाही. कलावंताचे हक्क कायद्यात आहेत, पण चित्रणात सहभागाची लेखी संमती दिल्यावर, करारात वेगळं ठरलं नसेल तर, निर्मात्याला ते वापरण्यापासून अडवता येत नाही आणि चित्रणाची मालकीही तिच्याकडे येत नाही. स्पर्धेच्या वेळी तुम्ही सही केलेला कागद शोधून वाचा. शेकडो लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खा भाग पाठवणंही मला धोक्याचंच वाटतं.

दाव्याचं पाहू. आठवणी गेल्या म्हणून मोठी भरपाई मिळेल असं धरून चालू नका. पण जाहिरातीत किंवा विक्रीच्या वेळी ‘कायमचं साठवा’ असं सांगून बॉक्सला बांधलेलं लॉक लपवलं असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. जाहिरात, पावती, नवा बॉक्स दिल्याची चिठ्ठी आणि पडद्यावरच्या सूचनेचा फोटो जपून ठेवा. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

हे चालू असताना वाहिनीलाही एक पत्र लिहा : प्रसारणाची तारीख, वेळ, भाग क्रमांक, मुलीचं नाव आणि कितव्या मिनिटाला ती गाते ते. खासगी वापरासाठी प्रत मागा, आणि ते भाग वाहिनीच्या स्वतःच्या ॲपवर असतील तर त्यांच्या लिंकही मागवा. नातेवाइकांना लिंक पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.