बुकात एक इंजिन, बॉनेटखाली दुसरंच!

प्रश्न : दादा नमस्कार, मी तासगावचा. द्राक्षबाग आहे, आणि उघड्या जीपचं वेड पहिल्यापासून. विट्याजवळ एक जीप बघितलीय, १९९२ ची, एमएच १० पासिंग, गॅरेजवाल्यानं जुन्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) नवीन बॉडी किट टाकून उभी केलीय, रुंद टायर, पुढं विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढायचं यंत्र), दिसायला एक नंबर. पण आरसी बुकात सीसी २११२ आहे आणि बसवलंय एमडीआय नावाचं दुसरंच डिझेल इंजिन, त्यामुळं इंजिन नंबर जुळत नाही. ऑनलाइन बघितलं तर चासी नंबरात पण एक आकडा वेगळा येतोय. बुक ज्यांच्या नावावर ते वारलेत, विकतोय तिसराच माणूस. एजंट म्हणतोय पैसे द्या, बुकात एमडीआय लिहून घेतो, सगळं मॅनेज करतो. घेऊ का?

उत्तर : आधी त्या एजंटाला थांबवा. तुमच्या जीपच्या भानगडी सगळ्या एका मापाच्या नाहीत, काही नुसत्या कागदाच्या आहेत आणि एक लोखंडाची आहे, आणि एजंट लोक दोन्हीला एकच औषध सांगतात.

चासी नंबरापासून सुरू करा, कारण गाडीची ओळख म्हणजे तोच. वायर ब्रश आणि रॉकेल घेऊन स्वतः जा, रंग खरवडा, कागद ठेवून पेन्सिल प्रिंट काढा आणि ती जुन्या कागदी बुकाशी लावून बघा, मोबाईलवरच्या माहितीशी नाही. जुन्या गाड्यांची माहिती हातानं लिहिलेल्या रजिस्टरावरून कॉम्प्युटरवर चढवलीय, तीनचा आठ होणं तिथं काही नवल नाही. मग आरटीओतून गाडीचा बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांच्या रजिस्टरातला उतारा, काढा. प्रिंट, जुनं बुक आणि बी एक्स्ट्रॅक्ट एकच नंबर सांगत असतील आणि फक्त ऑनलाइन चुकलं असेल तर ती टायपिंगची चूक, अर्ज करायचा, कागद जोडायचे, गाडी इन्स्पेक्टरला दाखवायची, दुरुस्त होतं. ही दुरुस्ती जिथं गाडीची नोंद आहे त्याच ऑफिसात होते हे लक्षात ठेवा, म्हणजे तुमच्या केसमधे सांगलीलाच. पण लोखंडावरचाच आकडा वेगळा निघाला, किंवा नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्यासारखं, वेल्डिंग केल्यासारखं दिसलं, आकडे वरखाली वाटले, तर तिथूनच मागं फिरा. 'पंच मारून जुळवून देतो' म्हणणारा कुणीतरी भेटेलच, तो सरळ सरळ गुन्हा आहे, आणि पोलिसांनी पकडलं तर गाडी तुमच्या ताब्यातून जाणार, त्याच्या नाही.

आता इंजिन. २११२ सीसी म्हणजे पेजो या फ्रेंच कंपनीचं एक्सडीपी इंजिन, महिंद्राच्या एमएम ५४० मधे यायचं ते. एमडीआय २५२३ सीसीचं. म्हणजे इथं कारकुनाची चूक नाही, इंजिनच बदललंय, आणि 'बुकात एमडीआय लिहून घेतो' हे एजंटाचं बोलणं इथंच फसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी बुकातली माहिती विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मधे हेच ठणकावून सांगितलं. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्यामुळं खरा मार्ग एकच, बिलासकट पेजोचं इंजिन शोधायचं, बसवायचं आणि त्याचा नंबर नोंदवून घ्यायचा. मिळतात अजून, पण भाव ऐकून पोटात गोळा येईल, तो खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून वजा करा. नाहीतर उद्या काही झालं आणि इन्शुरन्स कंपनीच्या सर्व्हेअरनं इंजिन नंबर बघितला की इन्शुरन्स क्लेम अडकला म्हणून समजा. बॉडी टाइप आणि सीटची संख्या पण बुकाशी ताडून घ्या. विंच आणि रुंद टायर तर पासिंगआधी बहुतेक उतरवावे लागतील, मला ते तसेही आवडत नाहीत, उसाच्या रस्त्यावर विंच लावून करायचंय काय!

मालक वारलेत म्हणता, तर आधी वारसांच्या नावावर फॉर्म ३१ नं ट्रान्सफर, मग वारसांकडून तुमच्या नावावर करायला विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. वारलेल्या माणसाची सही असलेले कोरे फॉर्म 'पडलेत माझ्याकडं' म्हणून तो तिसरा माणूस दाखवेल, हात लावू नका त्याला. बुकावर बँकेचा बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ पण मागा, कर्ज कधीच फिटलेलं असतं पण उतरवायला कुणी गेलेलं नसतं.

रिन्यूअलची तारीख बघितली का? १९९२ ची गाडी म्हणजे २००७ ला पंधरा वर्षं संपली, त्यापुढं दर पाच वर्षांनी रिन्यू व्हायला पाहिजे होती. मधे खंड असेल तर उशिराचे महिन्याला ५०० रुपये, वर पर्यावरण कर, शिवाय आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हे सगळं वारसांच्या नावावर असतानाच करून घ्या, कारण एकदा बुक तुमच्या नावावर आलं की मागच्या सगळ्या चुका पण तुमच्याच. तोपर्यंत थोडा इसार द्या, वारसांशी लेखी करार करा, बाकी रक्कम दुरुस्त झालेलं बुक हातात आल्यावर.

प्रश्न : भाचा इंग्लंडला असतो, तिकडं जुनी किट कार (सुट्या पार्टांच्या किटमधून जोडलेली गाडी) स्वस्तात मिळतीय म्हणतो. साताऱ्याला आणून पासिंग होईल का?

उत्तर : तिकडं किट कारला आयव्हीए नावाची टेस्ट असते, आणि जुन्या पार्टांचा पत्ता लागत नसेल तर क्यू अक्षराचा नंबर देतात, त्यामुळं त्यांचं भागतं. इकडं वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणू देत नाहीत, ५० वर्षांवरच्या व्हिंटेजचं निराळं. सुटे पार्ट आणून इथं जोडायची म्हटली तर गाड्यांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून अप्रूव्हल पाहिजे, एका गाडीसाठी ते कुणी करत नाही. भाच्याकडं जा आणि तिकडंच चालवून या.