वाचकांचे प्रश्न: उपग्रहाला कणकुंबीचा पाऊस कमी का दिसतो?

प्रश्न: सर, आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या अंगाला. आषाढात इथं दिवस दिवस उघडीप नसते, पण मोबाईलवर उपग्रहाचा म्हणून जो पावसाचा नकाशा येतो त्यात आमच्यावर जेमतेम पाऊस दाखवतात. वर एवढे उपग्रह फिरतायत तर असं का? आणि ते असताना शास्त्रज्ञ विमानं घेऊन ढगात कशाला जातात?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, सह्याद्रीवर हे होतंच. उपग्रह काही पाऊस मोजत नाही हो, तो वरून ढगाचा माथा किती थंड आहे ते बघतो, ढगातल्या बर्फामुळं मायक्रोवेव्ह लहरी किती विखुरतात ते बघतो आणि त्यावरून खाली किती पडला असेल याचा हिशेब लावतात. माथा जेवढा थंड तेवढा ढग उंच, म्हणजे पाऊस जास्त, असं गणित. आता आपल्या घाटावर काय होतं, अरबी समुद्राकडून आलेलं दमट वारं डोंगराला थटून वर चढतं आणि ढग बऱ्याचदा बुटकेच राहतात, त्यात बर्फ फारसा नसतो, थेंबाला थेंब मिळूनच धो धो पाऊस पडतो. वरून बघणाऱ्याला हा ढग साधाच वाटतो. 2014 साली नासा आणि जपाननं मिळून सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर रडार आहे, ते ढगाच्या आत बघतं, पण जमिनीलगतच्या एक-दोन किलोमीटरात डोंगराचाच प्रतिध्वनी मिसळतो, आणि आपला पाऊस तर तिथंच तयार होतो की!

म्हणून ढगात शिरावं लागतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2009 पासून कायपीक्स या ढग-पावसाच्या अभ्यास मोहिमेत विमानं ढगात नेऊन थेंब केवढे, किती, हवेत धूळ-धूर किती हे मोजलं, महाबळेश्वरला तर ढग जमिनीवरच उतरतात म्हणून तिथं प्रयोगशाळाच आहे. 2016 ला ब्रिटिश शास्त्रज्ञांचं विमान बेंगळुरूहून घाटावरून समुद्रापर्यंत जाऊन आलं. ही मोजमापं हातात असली तरच उपग्रहाचं गणित दुरुस्त करता येतं, मला तरी यातलं हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणखी एक, त्या नकाशातला एक चौकोन साधारण 10 किलोमीटरचा असतो. खानापुरातच पश्चिमेकडनं पूर्वेकडं आलं की पाऊस झपाट्यानं उतरतो, त्यातला जो फरक एका चौकोनाच्या आत पडतो तो सरासरीत बुडून जातो.

गावात पर्जन्यमापक असेल तर आकडे जुळवून बघा, फक्त दिवस सांभाळा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8.30 ते दुसऱ्या सकाळी 8.30, आणि जीपीएमच्या रोजच्या आकड्यांचा दिवस आपल्या घड्याळानं पहाटे 5.30 ला सुरू होतो, त्यामुळं पहाटेची मोठी सर एकीकडं आज आणि दुसरीकडं काल अशी पडते.