ट्रेडमिलवर 354 कॅलरी, मनगटावरच्या घड्याळात 240. खरं काय धरायचं?

वजन 58 किलो, वेग ताशी 6 किमी, चढ 5 टक्के, वेळ 45 मिनिटं. तुम्ही दिलेली एवढी माहिती पुरे आहे, आकडा हातानं काढता येतो.

चालण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं सूत्र आहे. दर किलो वजनामागे मिनिटाला लागणारा ऑक्सिजन (मिलीलिटरमध्ये) = 0.1 × वेग + 1.8 × वेग × चढ + 3.5. वेग मीटर प्रति मिनिट घ्यायचा, म्हणजे तुमचा 100. चढ 0.05. बेरीज 10 + 9 + 3.5 = 22.5. गुणिले 58 केलं की मिनिटाला साधारण 1.3 लिटर. एका लिटरमागे अंदाजे 5 कॅलरी धरतात, म्हणून 45 मिनिटांत सुमारे 294.

आता हेच गणित 70 किलोला करा: बरोबर 354! बहुधा वजन न टाकताच स्टार्ट दाबलं गेलं आणि मशीननं आपल्या मनाचं वजन धरलं. पुढच्या वेळी आधी वजन टाका.

सूत्रातले शेवटचे 3.5 म्हणजे नुसतं बसून राहिलात तरी होणारा खर्च. 45 मिनिटांचा तो 46 कॅलरी होतो. तो वजा केला तर व्यायामामुळे जास्तीच्या जळल्या 248. आहाराच्या हिशेबात हाच आकडा घ्या, कारण बसल्याचा खर्च दिवसाच्या गरजेत आधीच मोजलेला असतो. घड्याळातले 240 'अ‍ॅक्टिव्ह' (फक्त व्यायामाच्या जास्तीच्या) कॅलरी आहेत की 'टोटल' (बसल्याचा खर्च धरून), ते अ‍ॅपमध्ये बघा. अ‍ॅक्टिव्ह असतील तर 248 शी जुळतंय, पण त्यावर फार विसंबू नका. 2017 मध्ये स्टॅनफर्डला सात मनगटी यंत्रं तपासली, तेव्हा नाडी बहुतेकांनी ठीक मोजली, पण कॅलरीत सर्वांत अचूक यंत्रही सरासरी 27 टक्के चुकलं. घड्याळ कॅलरीचा अंदाज हृदयाच्या ठोक्यांवरूनही बांधतं, पण उकाड्यानं ठोके वाढतात, बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरच्या) गोळ्यांनी कमी होतात. घड्याळाला दोन्हीतलं काहीच कळत नाही.

दांडा धरून चढ चालत असाल तर माझा 248 सुद्धा जास्तच आहे. शरीराचा भार हातांवर गेला की चढाचे ते 9 पुरे लागत नाहीत, आणि मशीनला पत्ताही नसतो. दांडा सोडून जमत नसेल तर चढ 3 वर आणा.

हे सूत्र ताशी 3 ते 6 किमी चालण्यापुरतंच. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला जवळपास वजनाइतक्या जास्तीच्या कॅलरी धरा, तुम्हाला 58. वेगानं त्यात फारसा फरक पडत नाही. वजनं उचलण्याला मात्र यातलं काहीच लावू नका.