नाशिक-पुण्याहून तीन दिवसांसाठी सह्याद्रीतली कुठली डोंगररांग बघावी?

विचारणाऱ्याने लिहिलंय की चार मित्र आहेत, तीन दिवस सुट्टी आहे, सीनरी भारी हवी, फोटो चांगले यायला हवेत आणि "नुसते उघडेबोडके डोंगर नकोत". हे शेवटचं वाचलं म्हणून रात्री साडेअकराला टाइप करत बसलोय. नाहीतर वर सहा जणांनी लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर सांगून झालंय, ते काही चुकीचं नाहीये, जा, मका खा, या.

मी बागलाणचा आहे. बागलाण म्हणजे सटाणा तालुका, नाशिक जिल्ह्याचा गुजरातला लागलेला कोपरा. आमच्या मळ्यातून आकाश स्वच्छ असलं की मुल्हेर, मोरा आणि हरगड तिन्ही दिसतात. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच मळ्यातून किल्ले दिसतात. माझे वडील सत्तरीचे आहेत, साल्हेर किल्ल्यावर एकदाही गेले नाहीत. मागे लागलो की म्हणायचे, "डोंगर काय पळी जाई ऱ्हायना का?" डाळिंबाला तेल्या पडला तेव्हा झाडं उपटताना पण ते डोंगर तिथेच होते, हेही त्यांचंच.

तर हा "उघडेबोडके" शब्द पहिल्यांदा मी ऐकला तो आमच्या साडूंच्या तोंडून, मेव्हणीच्या हळदीत. साडू पुण्याचे, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, राजगड-तोरणा-रायगड पाठ, एकदा हिमालयात कुठलातरी पास करून आले त्याच्या गोष्टी अजून संपल्या नाहीत. चार माणसांत म्हणाले, "तुमच्याकडे काय हो, उघडेबोडके डोंगर, सह्याद्री खरा आमच्याकडे." सासरच्या मांडवात काय बोलणार, मी हसलो. पण लागलं ते लागलंच. आणि वर म्हणे लांब फार पडतं. पुण्याहून साल्हेर सव्वातीनशे किलोमीटर लांब, आणि हा माणूस दरवर्षी गोव्याला साडेचारशे किलोमीटर गाडी हाकतो, तेव्हा लांब पडत नाही!

शेवटी २०१७च्या डिसेंबरात त्यांना घेऊन गेलो. ते, त्यांचे दोन मित्र आणि मी. नाशिकहून पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, पण नाशिकला आलोय तर मिसळ खाऊनच निघू असा मित्रांचा हट्ट, मग मिसळ, मग परत एकदा तर्री, मग चहा. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत साल्हेरच्या पायथ्याच्या वाघांब्याला पोचलो तर अकरा वाजून गेलेले. आणि आता माझी चूक सांगतो कारण पुढे ती मला ऐकवली जातेच. मी म्हणालो, दोन तासांत वर, पाणी वरती टाक्यात आहे, उगाच ओझं नको. चौघांत मिळून पाच बाटल्या. लागले चार तास.

वाघांब्यातून एक बाबा वाट दाखवायला घेतले. पायात प्लास्टिकचे बूट, हातात काठी, खांद्याला झोळी. गावातून चढून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यातल्या खिंडीत यायचं, एका हाताला सालोटा, दुसऱ्या हाताला साल्हेर. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट, तिच्यात गुहा. पहिल्या दरवाजाच्या जरा आधी मागून साडूंचा आवाज आला, "अहो थांबा जरा." बघतो तर उजव्या बुटाचा सोल पुढून सुटलेला, पाऊल उचललं की मगरीने जबडा उघडल्यासारखा खाली लोंबायचा. तेच हिमालयवाले बूट, महागाचे, परत आल्यावर चार वर्षं डब्यात घालून कपाटात ठेवलेले. असे बूट न वापरता ठेवले की सोलचा फोम आतल्या आत मरतो, बाहेरून नवीन दिसतात आणि हात लावला की बिस्किटासारखा भुगा. हे मला पण तेव्हा माहीत नव्हतं, तेव्हा मला मनातून फक्त आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

बाबांनी झोळीतून सुतळी काढली, कांद्याच्या गोणीची. बूट पुढून दोनदा, मधून एकदा असा आवळला, टाचेमागून फिरवून घोट्यावर गाठ मारली, आपण बैलगाडीवर चारा आवळतो तसा. म्हणाले, "चला, काय होत नाही." आणि खरंच काही झालं नाही, त्या सुतळीवर माणूस वरपर्यंत गेला.

वरच्या पठारावर गंगासागर तलाव आहे, तिथून शेवटचा चढ चढला की टोकावर परशुरामाचं छोटं देऊळ. साल्हेर १५६७ मीटर. महाराष्ट्रात याच्यापेक्षा उंच फक्त कळसूबाई, १६४६ मीटर, पण ते नुसतं शिखर आहे, किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच साल्हेरच. परशुरामाने इथून बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं अशी गोष्ट आहे. म्हणजे कोकणसुद्धा आमच्याच उघड्याबोडक्या डोंगरावरून निघालं, हे मी तेव्हा मोठ्याने बोललो. आणि १६७२च्या फेब्रुवारीत खाली जी लढाई झाली ती गनिमी कावा नव्हती, उघड्या मैदानात समोरासमोर झाली. गडाला मोगलांचा वेढा होता, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर चालून आले आणि तो वेढा मोडला. सूर्यराव काकडे पडले ते याच लढाईत.

वर जाऊन बसलो तर साडू पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग बोट दाखवून "तो कुठला?" सालोटा. "तो?" मोरा, त्याला चिकटून मुल्हेर, पलीकडे हरगड. "आणि ते दोन सुळके?" मांगी आणि तुंगी. लांब दक्षिणेला सातमाळा रांग, त्यातला धोडप किल्ला लगेच ओळखू येतो कारण त्याच्या भिंतीला खाच आहे, कोणीतरी दात पाडल्यासारखी. मी एकदा तांबोळ्या डोंगराला न्हावीगड म्हणालो, तर बाबांनी मागून दुरुस्त केलं. ते सोडलं तर मी पास झालो.

आता उघडेबोडके या विषयावर एकदाचं बोलून घेतो. हे डोंगर म्हणजे लाव्हाचे थर आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक, भाकऱ्यांची चवड लावावी तसे. कोकणाकडच्या बाजूला पाऊस जास्त, झाडी जास्त, म्हणून तिथे हे थर झाकलेले असतात. आमच्याकडे दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं आणि एकेक पट्टी मोजता येते, संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की सावल्या त्या पट्ट्यांवर अशा काही बसतात की फोटोला फिल्टर लावायची गरज नाही. डोंगराचा आकार बघायचा असेल तर तो उघडाच लागतो. हिरवंगारच बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात या, तेव्हा आम्ही पण हिरवे असतो, फक्त ढगातून दिसलो तर.

उतरताना दुसऱ्या बुटाचा पण सोल गेला. परत सुतळी. वाघांब्याला बाबांच्या ओसरीवर नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि ठेचा खाल्ला, साडूंनी तीन भाकरी खाल्ल्या, मी मोजल्या. ठरलेले पैसे बाबांनी घेतले आणि मग बुटांकडे बघत म्हणाले, "नाड्या चांगल्या आहेत, देऊन टाका." साडूंनी तिथेच बसून दोन्ही नाड्या ओवून काढल्या आणि दिल्या. गाडीत अनवाणी. ताहाराबादला स्लीपर घेतली.

प्रश्नाचं उत्तर राहिलं. तीन दिवस असतील तर एकच रांग धरा, सेलबारी-डोलबारी. पहिल्या दिवशी मुल्हेर, माचीवर सोमेश्वराचं देऊळ, मोती तलाव, गणपतीचं मंदिर, दम असेल तर शेजारचा मोरा. दुसऱ्या दिवशी साल्हेर, पहाटेच चढायला लागा, सालोटा त्याच दिवशी करायच्या भानगडीत पहिल्यांदा जाणाऱ्याने पडू नये. तिसऱ्या दिवशी मांगी-तुंगी, पूर्ण पायऱ्या आहेत, जैन लेणी आहेत, आणि ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती. राहायला मांगी-तुंगीच्या पायथ्याला धर्मशाळा, नाहीतर सटाणा. लोक काय करतात, एक दिवस हरिहर, एक दिवस कळसूबाई, एक दिवस भंडारदरा, तीन दिवसांतले दोन गाडीत, आणि शनिवारी रात्री कळसूबाईच्या शिडीखाली रेशनला असावी तशी रांग. हरिहरच्या पायऱ्या सुंदर आहेत, पण तिथे रील करणाऱ्याच्या मागे अर्धा तास कड्याला चिकटून उभं राहायचं असेल तर तुमची मर्जी.

बाकी काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मार्चनंतर साल्हेरला येऊ नका, सावली नाही. टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर राहू नका, माणशी तीन लिटर घ्या (हो, मी शिकलो). पावसात त्या कोरीव पायऱ्यांवर शेवाळ असतं. वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. गुहेत धूर, आरडाओरडा, सेंट नको, आग्या माश्या असतात. आईवडील बरोबर असतील तर साल्हेर विसरा, सातमाळ्यात सप्तशृंगीला जा, तिथे वर जायला ट्रॉली आहे आणि मार्कंड्या किल्ला समोरच दिसतो. आणि तुमच्यात कोणाला उंचीची भीती असेल तर आडव्या वाटेबद्दल आधी सांगून ठेवा, नंतर शिव्या मला नको.

साडूंचं म्हणाल तर त्यांनी तेव्हा गाडीत बसताना एवढंच म्हटलं, "बरं आहे, पण राजगडाची मजा नाही." मी गप्प. मग २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात नाशिक जिल्ह्यातला एकच, साल्हेर. बातमी आली त्या संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर पहिला फोटो कोणाचा? साडूंचा. परशुरामाच्या देवळापाशी कमरेवर हात ठेवून उभे, खाली लिहिलंय "आम्ही २०१७ लाच जाऊन आलो". घोट्याच्या खालचा भाग क्रॉप केलेला. राजगडपण त्याच यादीत आहे म्हणून बायको म्हणते तुमचा वाद बरोबरीत सुटला. मी मानत नाही.

जुने बूट घालून येणार असाल तर आदल्या दिवशी सोल हाताने वाकवून बघा. आणि सुतळी घ्या थोडी.